मदत हवी आहे: हॉस्पिटलच्या आत रस्ता सांगणारं अ‍ॅप
नमस्कार मंडळी, माझ्या मावशीला अजिबात दिसत नाही पण रिक्षा करून हॉस्पिटलच्या गेटपर्यंत ती एकटी व्यवस्थित जाते, खरी अडचण आत गेल्यावर, कारण छताखाली जीपीएसचा भरवसा नाही, मग केसपेपरची खिडकी, लिफ्ट, ओपीडी सगळं विचारत जायचं आणि लोक न विचारताच हात धरून ओढतात, तिला ते अजिबात आवडत नाही (कोणालाही नाहीच आवडणार). बार्सिलोनाच्या मेट्रोत नेव्हीलेन्स नावाच्या अ‍ॅपचे रंगीत कोड आहेत, फोनचा कॅमेरा ते लांबूनच वाचतो आणि अ‍ॅप माहिती बोलून सांगतं. काही ठिकाणी ब्लूटूथ बीकन (आपण कुठे आहोत हे फोनला कळावं म्हणून सिग्नल देणारी छोटी यंत्रं) पण लावतात. पुण्यात कुठे असं काही आहे का? आणि भिंतीवर काहीच लावलेलं नसेल तर नुसत्या कॅमेऱ्यावर चालणारं, मराठीत बोलणारं अ‍ॅप कोणी स्वतः वापरलंय का? दृष्टिहीन मित्रमैत्रिणींचा अनुभव कळला तर फार मदत होईल, प्लीज सांगा.