आमदारांना मानसिक आरोग्याचं निवेदन द्यायचंय, नेमकं काय मागावं?

शुभंकर गट (तालुका पातळी)
आम्ही शुभंकर, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांची काळजी घेणारे. आमच्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकारांची औषधं कधी असतात, कधी नसतात. ‘मानसिक आरोग्यासाठी निधी वाढवा’ असं निवेदन आमदारांना दिलं, ‘पाहतो’ म्हणाले. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनाआधी पुन्हा जायचंय. हातात काय असावं?

कामकाज_वाचक
‘निधी वाढवा’ यातून सभागृहात विचारता येईल असा प्रश्नच तयार होत नाही, म्हणून असं निवेदन फायलीत पडून राहतं. विधानसभेच्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो: ‘(१) अमुक रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक औषध उपलब्ध नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

सगळा भार पहिल्या भागावर असतो. त्यात तारीख किंवा आकडा चुकला की उत्तर येतं ‘हे खरे नाही’, आणि पुढच्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. तिथेच विषय संपतो. त्यामुळे ‘औषधांचा तुटवडा’ असं मोघम लिहू नका. औषधाचं नाव, रुग्णालय, कधीपासून कधीपर्यंत, एवढं हवंच. याच साच्यात मसुदा टाइप करून आमदारांच्या स्वीय सहायकाकडे द्या. तारांकित प्रश्नाची (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, तेव्हा नोव्हेंबर उजाडायची वाट पाहू नका. मुदत हुकलीच तर लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) किंवा औचित्याचा मुद्दा (सभागृहात थोडक्यात मांडायचा विषय) उरतो.

अर्ज_दहा_रुपये
तारखा आणि आकडे माहिती अधिकारातून मिळवा. जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दोन अर्ज करा.

पहिला औषधांचा: लिथियम, रिस्पेरिडोन, सोडियम व्हाल्प्रोएट यांच्या साठा नोंदवहीतल्या मागच्या १२ महिन्यांच्या पानांच्या प्रती. दुसरा पदांचा: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, प्रत्येक पद कधीपासून रिक्त.

‘औषध का नव्हतं?’ असं विचारू नका. कायद्याने मिळते ती नोंदीत असलेली माहिती. कारणमीमांसा करून द्यायला कार्यालय बांधलेलं नाही. साठा नोंदवहीत शिल्लक शून्य दिसली की तो पुरावा पुरेसा बोलका असतो.

शुभंकर गट (तालुका पातळी)
कायद्याचा आधार कोणता द्यावा? आणि पैसा नेमका कुठून मागायचा?

कलम_अठरा
मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १८. त्यात आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत कायम आणि मोफत मिळाली पाहिजेत असं लिहिलंय. आपलं ग्रामीण रुग्णालय त्याच पातळीचं. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. निवेदनात ‘विनंती’ हा शब्द काढून ‘कलम १८ची अंमलबजावणी’ लिहा, कारण मागताय तो हक्क आहे, मेहेरबानी नाही.

पैशाचं म्हणाल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली कंत्राटी पदं राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतात, त्यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. त्यामुळे रिक्त पद जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात गेलं पाहिजे. स्थानिक गरजांसाठी जिल्हा नियोजन समिती आहे, तिचे अध्यक्ष पालकमंत्री. म्हणजे एकच कागद सगळ्यांना वाटू नका: औषधांचा आणि पदांचा आमदारांना, स्थानिक गरजांचा पालकमंत्र्यांना.

आणखी एक, हे चुकवू नका. निवेदनाला कुणाही शुभार्थीचं (मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचं) नाव, केसपेपर किंवा प्रिस्क्रिप्शन जोडू नका. कलम २३ने गोपनीयतेचा हक्क दिलाय, आणि निवेदनाच्या प्रती किती हातांतून फिरतील ते आपल्या ताब्यात राहत नाही. साठा नोंदवहीची पानं जोडा, त्यांत कुणाचं नाव नसतं.