बाळंतपणात तुम्हाला कोणी सांभाळलं?

शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आलीय. आज त्यांच्याकडून ओवा-बाळंतशेपांच्या धुरीचा वास आला आणि मावशी डोळ्यांसमोर उभी राहिली. मला आई नव्हती. मावशी पारोळ्याहून आली, जुनं लुगडं फाडून माझ्या पोटाला घट्ट पट्टा बांधला आणि म्हणाली, "तू फक्त पोरले पाज, बाकीनं मी करसू." रात्री पोर रडली की आधी मला कोमट दूध, मग पोर मांडीवर. तुमचे अनुभव लिहा ना.

तापीकाठ : भुसावळ, मे महिना, ४५ डिग्री. पंखा बंद, कानाला स्कार्फ, बाजेखाली शेगडी. पाणीही मोजून, का तर पोट सुटेल! लघवीला जळजळ, मग ताप. आशाताईंनी शेगडी बाहेर काढायला लावली, तांब्या भरून हातात दिला. ४२ व्या दिवसापर्यंत येतात त्या. बाळाचं वजन झालं की आपलंही सगळं सांगायचं, लाजायचं नाही.

केळीबाग : बंद खोलीत शेगडी नकोच गं, जीव गुदमरतो. आम्ही रावेरचे, चहूबाजूंनी केळी, आणि मला केळं थंड म्हणून बंद 😄 नवरा रात्री खिशातून आणायचा.

कळण्याची भाकर : 😂😂 गुणी नवरा!

सातपुडा : जावेचं पॅड तासाभरात पूर्ण भिजायचं. घरात सगळ्या म्हणे, अंगावरून जातंच. नणंदेने कोणाचं ऐकलं नाही, १०८ बोलावली. वारेचा तुकडा आत राहिला होता. रक्त चढवलं, वाचली. बायांनो, असं जात असेल, ताप असेल, घाण वास येत असेल तर सव्वा महिना संपायची वाट बघू नका.

केळीबाग : बाप रे. नणंद असावी तर अशी.

कपाशी : मला नुसतं रडू यायचं. सासू काही न बोलता केस विंचरून द्यायची, जेवेपर्यंत बाळ घेऊन अंगणात बसायची. अजून आठवलं की भरून येतं.

कळण्याची भाकर : 🙏 आणि लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, कोणी घेतंच नाही.

नवी आई : अळीव दुधात की नारळपाण्यात?

तापीकाठ : दुधात. गूळ खाली उतरवल्यावर घाल, नाहीतर फाटतं.

नवी आई : थँक्यू ताई. जळगावात मालिशवाली आहे का कोणी? माझं सिझर आहे.

कपाशी : मेहरूणला एक मावशी आहेत, मेसेज करते. पण टाके बघून डॉक्टर हो म्हणाल्या की मगच बोलव, आणि पोटाला हात लावू देऊ नको.