गावाकडून मुंबईच्या पोलीस भरतीला: मुलींसाठी कामाचं तेवढं

घरची ओढाताण आणि गावची कुजबुज सोसत भरतीला उतरणाऱ्या मुलींसाठी ज्याला जे ठाऊक आहे त्याने ते लिहावं. कौतुक नको, उपयोगाचं लिहा.

सराव घेणारी, घाटकोपर
मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत आलं तर पैकीच्या पैकी. बहुतेकींचं गणित पहिल्याच फेरीत बिघडतं. शेजारणीला बघून सुसाट सुटतात आणि सहाशे मीटरला पाय जड होतात. पहिले ४०० मीटर ८४-८५ सेकंदांत काढायचे, त्याहून जोरात नाही. गोळा ४ किलोचा. तो बोटांच्या मुळांशी धरून मानेला टेकवायचा आणि ढकलायचा. चेंडूसारखा फेकलात तर खांदा गेलाच म्हणून समजा. चौघींनी वर्गणी काढून एक लोखंडी गोळा घ्या. दगडावर सराव केला की पकड चुकीची बसते.

नर्स, परळ
सराव करूनही धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांकडे. जेवणावर लगेच चहा घेतला की लोह नीट शोषलं जात नाही. त्यापेक्षा पालेभाजीवर लिंबू पिळा. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सल्ल्याने घेऊ नका.

दादरकर
बोलावणं नायगावच्या पोलीस मैदानावर असेल तर विरार गाडीत बसू नका! नायगाव स्टेशन वसईजवळ आहे, पोलिसांचं नायगाव दादर पूर्वेला. मरोळच्या पोलीस मैदानासाठी अंधेरीला उतरायचं. आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा, गावची गाडी कधी वेळेवर येते?

सराव घेणारी, घाटकोपर
कुजबुजीचं राहिलंच. डांबरी रस्त्यावर धावलं की लोक बघतात ते बघतात, वर नडग्या दुखायला लागतात. मुख्याध्यापकांना विचारून शाळेचं मैदान मिळवा, दोघीतिघी मिळून धावा. घरच्यांचा विरोध असेल तर सासूला किंवा आईला सोबत न्या आणि घड्याळ तिच्याच हातात द्या. सेकंद मोजणारी बाई दुसऱ्या दिवशी स्वतःच हाक मारते, असं पुष्कळदा होतं.

कागदपत्रं बघणारा, ठाणे
लग्न झालेल्यांसाठी: दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर पडताळणीत अडकायला होतं. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र अर्जाआधीच काढून ठेवा. २०२४ ला मैदानी चाचणी जूनमध्ये, ऐन पावसात सुरू झाली होती, तेव्हा मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच आणा.