पेटी परत आली, पण केपच्या नाड्या कोणी कापल्या?

माई:
मंडळाची मुलांच्या वेशभूषेची पेटी काल रात्री आली (दारात ठेवून गेले, बेल पण वाजवली नाही, असो). राजाची केप, जादूगाराची केप आणि ती हिरवी, तिन्हींच्या गळ्याच्या नाड्या कात्रीने उडवल्यात आणि तिथे पांढरं वेल्क्रो शिवलंय. मरून मखमलीवर पांढरं!! त्या नाड्यांचे गोफ मी स्वतः विणले होते, टोकाला गोंडे होते, ते गोंडे कुठे आहेत? परवा रंगीत तालीम आणि ह्या वेळचा राजा अगदी चिमणीएवढा आहे, वेल्क्रो एकाच मापाला बसतं, नाडी कशी कितीही आवळता येते. आणि वाघाचं शेपूट पेटीत नाहीये. ज्यांच्याकडे असेल त्यांनी उद्यापर्यंत कळवा.

जुळ्यांची आई:
माई, मीच. सॉरी, आधी विचारायला हवं होतं. पण तुम्ही लिहिलंत ना की कितीही आवळता येते, तोच प्रॉब्लेम आहे हो. धाकटा जादूगाराची केप घालून घसरगुंडीवर चढला, खाली यायला लागला आणि केपचं टोक वर कठड्याच्या बोल्टमध्ये अडकलं. मी दोन पावलांवर होते म्हणून त्याला उचलून धरलं, पण एका हाताने ती निरगाठ काही सुटेना आणि तो रडतही नव्हता, नुसता बघत होता. त्या रात्री मुलं झोपल्यावर कात्री घेऊन बसले. युरोपात ७ वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाडी नकोच असं ईएन १४६८२ नावाचं स्टँडर्डच आहे, अमेरिकेतही १९९६ पासून मुलांच्या जॅकेटच्या गळ्याच्या नाड्या काढा म्हणून सरकारी सूचना आहेत. आपल्या केप त्याच्याही आधीच्या असतील कदाचित :) वेल्क्रो ओढलं की सुटतं, एवढाच हेतू होता. पांढरं, कारण घरात तेवढंच होतं. गोंडे डबीत जपून ठेवलेत.

अण्णा:
दोघींचंही बरोबर आणि दोघींचंही चूक. वेल्क्रो हवंच, पण हे लावलंय उलटं. मऊ बाजू गळ्याकडे यायला पाहिजे, इथे काटेरी बाजू आत आहे (काल पेटी माईंकडे मीच टाकली, बेल वाजवली होती, बंद आहे). काटेरी बाजू मानेला टोचणार, केसात अडकणार आणि धुताना उघडी राहिली तर परीच्या जाळीची वाट लावणार, फुलपाखराचा एक पंख असाच गेलाय हे विसरू नका. मापाचं म्हणाल तर मऊ पट्टी चार-पाच बोटं लांब लावा आणि काटेरी तुकडा फक्त दोन बोटांचा, म्हणजे बारका राजा आणि जाडा राजा दोघांना तीच केप. तुकडा मोठा लावला तर लहान मुलाच्या वजनाने सुटणारही नाही, मग सगळं मुसळ केरात. गोंडे हवेतच तर नुसते खांद्यावर टाचून टाका, शोभेला, लोंबते नकोत. आणि हो, वेल्क्रो शोधणाऱ्या स्विस इंजिनिअरला ते सुचलं कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी फळांवरून, १९४१ साली. आपल्याकडे गोखरू धोतराला चिकटून पिढ्या गेल्या, कोणाला सुचलं का?

खजिनदार:
अण्णा, गोखरू राहू दे. पेटी मंडळाची आहे, त्यामुळे कापाकापी करायची तर कमिटीला विचारून करा एवढीच विनंती. मागे कोणीतरी ऋषींची दाढी परस्पर ट्रिम केली होती आणि नंतर ते ऋषी कमी आणि बँक मॅनेजर जास्त दिसत होते. पेटी नेताना वहीत नोंद करा, शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची आहे. शिवाय विग आणि फेटे एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातात, उवांचं काय?

माई:
पेटी मंडळाची, पण आतले निम्म्याहून जास्त कपडे माझ्या मुलांचे आणि माझ्या मशीनवर शिवलेले, हे वहीत आहे का बघा. घसरगुंडीचं मला माहीत नव्हतं गं, आधी सांगायचंस ना. पोर बरं आहे ना? वेल्क्रो राहू दे. पण मरून.

डॉक्टरकाका:
उवा डोक्यावरून उतरल्या की एक-दोन दिवसच जगतात, रक्त मिळत नाही म्हणून. विग घरी आल्यावर पिशवीत बांधून दोनचार दिवस बाजूला ठेवा, झालं. मला जास्त काळजी पेटीतल्या डांबरगोळ्यांची आहे. वाघाला इतका वास येतो की पोरं नाक धरून डरकाळी फोडतात. जी६पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या बाळांना नॅप्थॅलिनच्या गोळ्यांतल्या कपड्यांमुळे रक्तपेशी फुटून कावीळ झाल्याच्या केसेस आहेत. काढून टाका.

माई:
मग कसर लागली तर कोण जबाबदार?

डॉक्टरकाका:
कसर लोकर, रेशीम, पिसं खाते. आपला वाघ शंभर टक्के पॉलिस्टर आहे, त्याला कसर उपाशीपोटीसुद्धा खाणार नाही. रेशमी फक्त तो जरीचा परकर. तो धुऊन, पूर्ण वाळवून मलमलीत गुंडाळून वेगळा ठेवा, गोळ्या लागून जरीचे धागे काळे पडतात ते वेगळंच.

वाघाची आई (जुनी):
वाघाचा विषय निघालाच आहे तर, आमचा लेक चार वर्षांचा असताना तीन आठवडे वाघ होता. नुसता खेळताना नाही, झोपायला वाघ, दाताच्या डॉक्टरकडे वाघ. धुवायला काढायचा म्हणजे तो झोपल्यावर पंजे एकेक करून सोडवायचे. एरवी शेजारच्या कुत्र्याला घाबरून माझ्या मागे लपायचा, वाघ असताना त्याच्यासमोर उभा राहून गुरगुरला, कुत्राच मागे सरकला. मग एक दिवस सकाळी साधी चड्डी-बनियन घालून आला आणि म्हणाला वाघ गेला. कुठे गेला ते सांगितलं नाही. मला उगाचच वाईट वाटलं होतं.

अण्णा:
ह्यावर प्रयोग झालाय. २०१७ साली छापून आलाय, ४ आणि ६ वर्षांची १८० मुलं, त्यांना दहा मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं आणि शेजारी आयपॅडवर गेम. ज्यांना बॅटमॅन वगैरे व्हायला सांगून त्याची एखादी वस्तू अंगावर घालायला दिली आणि मधूनमधून 'बॅटमॅन काम करतोय का?' असं स्वतःला विचारायला सांगितलं ती मुलं कामाला सगळ्यात जास्त वेळ चिकटून राहिली. म्हणजे केप पुरते, अख्खा ड्रेस लागतच नाही. मी तर म्हणतो पेटीत कमी ड्रेस आणि जास्त ओढण्या, टोप्या, जुन्या पर्स ठेवा. तयार ड्रेस एकच काहीतरी होतो, ओढणीचं काहीही होतं.

खजिनदार:
काम कंटाळवाणं असेल तर तो प्रयोग कमिटी मीटिंगमध्ये करून बघायला हरकत नाही.

अवकाशवीराचे बाबा:
सगळे ड्रेस ओढण्यांवर भागवायचे तर आम्ही पुठ्ठ्याचं हेल्मेट आठ दिवस बसून का केलं? ते पेटीत मावत नाही म्हणून आमच्या गॅरेजमध्येच आहे, कोणी मागायला येत नाही ही गोष्ट वेगळी. त्याची समोरची खिडकी लहान होती ती आता मोठी केलीय, मागे दोन अवकाशवीर एकमेकांवर आपटले होते. कोणाला हवं असेल तर सांगा.

माई:
हेल्मेट नको. वेल्क्रो मरून मिळालं, अण्णा म्हणतात तसं लावते, मऊ बाजू आत. जुळ्यांची आई, तू उद्या संध्याकाळी गोंडे घेऊन ये, दोघी मिळून टाचू आणि हिरवी केप तूच शीव, तुझी टीप चांगली सरळ आहे, हे मी मघाशी रागात लिहिलं नाही. डांबरगोळ्या काढल्या, पेटी गच्चीत उन्हाला ठेवलीय. अजून एकानेही शेपटाचं उत्तर दिलेलं नाही!!!

जुळ्यांची आई:
येते माई, सहाला. शेपूट आमच्याकडेच आहे, सांगायला घाबरत होते. ते तीन दिवस अग्निशमन दलाचा पाइप म्हणून ड्युटीवर आहे, सोफा दोनदा विझवून झालाय. परवापर्यंत सोडतात का विचारते. नाही म्हणाले तर जुना मोजा भरून दुसरा पाइप करून देते.