प्रतिसाद: क्लिक, गादी आणि कूलर

ताई, घरी अहिराणी शब्दांचं जॅझ रेकॉर्ड करताना क्लिकवर (मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्राच्या टकटकीवर) स्विंग, म्हणजे जॅझच्या लयीतला झोका, जातो, खोली घुमते आणि कूलरचा आवाज येतो म्हणता. स्विंग जातो तो बहुधा क्लिक चारही मात्रांवर वाजतोय म्हणून. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचा ठोका दुसरी-चौथी मात्रा समजून मोजा. पहिली मात्रा तुमची तुम्हाला धरावी लागते, तिथूनच स्विंग येतो.

अहिराणी शब्द बसवताना लांब सुरावर दीर्घ स्वर ठेवा. ऱ्हस्व ताणला की शब्द मोडतो, आणि जळगाव-धुळ्याच्या श्रोत्याला ते लगेच कळतं.

खोली घुमते म्हणून पातळ फोम आणू नका. तो फक्त वरचा आवाज खातो, खालची घुमी तशीच राहते. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या) माइकचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणून तुमच्या पाठीमागच्या भिंतीला कापसाच्या दोन जाड गाद्या उभ्या करा. खानदेशात त्या घरोघरी असतात! माइक १५-२० सेंमीवर, मध्ये पॉप फिल्टर ('प', 'फ'ची फुंकर अडवणारी जाळी). रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा, सर्वात मोठा सूर सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १० डीबीच्या आसपास.

मे महिन्यात कूलर बंद करवत नाही, कबूल. पण ८० हर्ट्झच्या लो-कटने (त्याखालचा आवाज कापणाऱ्या फिल्टरने) फक्त घरघर जाते, हवेची सळसळ नाही. नंतर नॉइज रिडक्शन मारलं (सॉफ्टवेअरने मागचा आवाज पुसला) तर 'स' आणि श्वास पाणचट होतात, आणि जॅझमध्ये श्वास हवाच. म्हणून पहाटे, कूलर बंद ठेवून गा.