१९६७ च्या ट्रायम्फ बॉनव्हिलसाठी दुसरे सिलिंडर हेड: जुळणारे कोणते, हे कसे ओळखावे?

कॉव्हेंट्रीवासी (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे १९६७ ची ट्रायम्फ टी१२०आर बॉनव्हिल आहे आणि तिच्या इंजिनाचा क्रमांक ‘डीयू’ या अक्षरांनी सुरू होतो. ती ज्या मेरिडनच्या कारखान्यात तयार झाली, तो माझ्या घरापासून काही मैलांवरच होता. १९८३ मध्ये तो बंद पडला, आता तिथे वसाहत आहे आणि तिथल्या एका रस्त्याला ‘बॉनव्हिल क्लोज’ असे नाव आहे. ही गाडी पुन्हा रस्त्यावर यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गेल्या महिन्यात हेड उतरवले, तेव्हा उजव्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून शेजारच्या बोल्टच्या भोकापर्यंत केसाएवढा बारीक तडा दिसला. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात एका विक्रेत्याने मला तीन हेड दाखवली आणि तिन्ही माझ्या इंजिनाला बसतील असे सांगितले. पहिल्याला बोल्टची दहा भोके आहेत. दुसऱ्याला नऊ भोके असून कार्ब्युरेटरकडचे दोन पोर्ट बाहेरच्या बाजूला फाकलेले आहेत, आणि त्याचा खालचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत आहे. तिसऱ्यालाही नऊ भोके आहेत, पण त्याचे पोर्ट समांतर असून एकाच मॅनिफोल्डसाठी केलेले दिसतात. ते काजळीने माखलेले आहे. दुसऱ्यावर ‘ई’ने सुरू होणारा क्रमांक आहे, तर तिसऱ्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘७०-’ने सुरू होणारा. यांतले कोणते घ्यावे?

नऊबोल्ट

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो. इंजिनाचा क्रमांक क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या आवरणावर, ठोकलेला असतो आणि तो फक्त क्रँककेसचे वय सांगतो. पन्नास-साठ वर्षांत हेड कितीदा बदलले गेले, याची नोंद त्यात नसते, म्हणून हेडची ओळख हेडवरूनच पटवावी लागते.

भोकांपासून सुरुवात करावी. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असलेल्या जुन्या ६५० सीसीच्या गाडीला आठ बोल्ट होते. १९६३ मध्ये दोन्ही एकाच आवरणात आले, तेव्हा दोन्ही सिलिंडरच्या मधोमध नववा बोल्ट आला. दहा बोल्टचे हेड १९७३ पासूनच्या ७५० सीसीच्या गाडीचे, म्हणजे टी१४० चे. आपल्या सिलिंडरचा व्यास ७१ मिलिमीटर आहे, तर टी१४० चा ७६, त्यामुळे पहिले हेड आपल्या ब्लॉकवर बसणारच नाही. ते आपण निःशंकपणे बाजूला ठेवावे.

आता क्रमांकांविषयी. ट्रायम्फने इंजिनाच्या भागांच्या क्रमांकातले ‘ई’ हे अक्षर काढून त्याजागी ‘७०-’ आणले, परंतु पुढचे आकडे तेच ठेवले. त्यामुळे ‘ई’ आणि ‘७०-’ एवढ्याच फरकावरून जुने-नवे ठरवू नये. शिवाय हेडवर उठावात दिसणारा क्रमांक हा पुष्कळदा कच्च्या ओतीव तुकड्याचा असतो, तयार भागाचा नव्हे.

फाकलेले दोन पोर्ट ही टी१२० ची खूण आहे. समांतर पोर्ट आणि एक मॅनिफोल्ड म्हणजे टीआर६ सारख्या एका कार्ब्युरेटरच्या गाडीचे हेड. ते आपल्या ब्लॉकवर बसेल आणि गाडी उत्तम चालेल, मात्र दोन कार्ब्युरेटरची बॉनव्हिल ही तिची ओळख राहणार नाही. मी आपल्या जागी असतो, तर दुसऱ्या हेडकडे झुकलो असतो.

कोल्हापूरचा लेथवाला

वरील सर्व माहिती बरोबर आहे, तरीही दुसऱ्या हेडच्या त्या चकाकीची मला धास्ती वाटते. मी अॅल्युमिनियमची हेड फेसिंग करून, म्हणजे तळ घासून सपाट करून, देतो, त्यामुळे हे अनुभवाने सांगतो: इतक्या जुन्या हेडचा तळ आरशासारखा दिसतो, तेव्हा ते बहुधा एकदा नव्हे, अनेकदा घासलेले असते.

आपले तडा गेलेले हेड टाकून देऊ नका, कारण तेच आता आपले माप आहे. व्हर्निअर घेऊन तळापासून सर्वांत खालच्या फिनपर्यंतची जाडी चारही कोपऱ्यांवर मोजावी आणि दोन्ही हेडची तुलना करावी. हेड जास्त घासलेले असेल, तर कॉम्प्रेशन वाढते, आणि त्याहून त्रासदायक म्हणजे पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या हेडला वर तोलून धरतात. पॅकिंग आणि नळ्यांची रबरी सील बसवून हेड बोल्ट न आवळता नुसते वर ठेवावे आणि पॅकिंग व हेड यांच्यामधली फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) पाहावी. ती साधारण ०.०३० ते ०.०४० इंच असावी. फटच नसेल तर नळ्यांच्या बुडाशी तेल झिरपते. फट फार असेल तर हेड पॅकिंगवर नीट दाबलेच जात नाही.

एक्झॉस्टच्या तोंडाशी स्टब (पाइप जोडायचा आखूड तुकडा) पिळून बसवायचे आटे मेलेले नाहीत ना, तेही बोट फिरवून पाहावे. आणि कोणतेही हेड घेण्यापूर्वी सीट व बोल्टच्या भोकांमधला भाग काजळी काढून, रंगद्रव्य लावून तपासावा, अन्यथा आपण एक तडा देऊन दुसरा विकत घ्याल.

कॉव्हेंट्रीवासी

आपणा दोघांचा अत्यंत आभारी आहे. विक्रेत्याने दोन्ही हेड मोजू दिली. दुसरे हेड माझ्या जुन्यापेक्षा तीन कोपऱ्यांवर १.२ मिलिमीटर आणि चौथ्यावर १.५ मिलिमीटर पातळ निघाले, म्हणजे ते नुसते घासलेले नाही, तर तिरके घासलेले आहे. तिसऱ्यात फरक जेमतेम ०.१ मिलिमीटर आहे, तडा नाही आणि एक्झॉस्टचे आटे धारदार आहेत.

एकच शंका उरली आहे. तिसऱ्याच्या मॅनिफोल्डच्या स्टडवर माझ्या डब्यातला ५/१६ इंची जुना नट हाताने फिरवला, तर तो तीन फेरे सहज गेला आणि मग घट्ट झाला. स्टड खराब आहे का?

नऊबोल्ट

स्टड बहुधा चांगला आहे. सीईआय आणि यूएनएफ ही आट्यांची दोन वेगळी प्रमाण मापे आहेत: जुन्या सीईआय मापात इंचाला २६ आटे असतात, यूएनएफमध्ये ५/१६ इंचाला २४. साठीच्या दशकाच्या अखेरीस ट्रायम्फ टप्प्याटप्प्याने यूएनएफकडे वळली, त्यामुळे स्टड नव्या मापाचा आणि आपला नट जुन्या मापाचा असावा. पाना लावून तो पुढे रेटू नका, दोन्हींचे आटे मरतील. आटे मोजण्याचे गेज लावून खात्री करावी आणि त्या मापाचे नट विकत घ्यावेत. तिसरे हेड घ्या. टी१२० चे न घासलेले हेड मिळेपर्यंत गाडी एका कार्ब्युरेटरवर चालवता येईल आणि दोन्ही मूळ कार्ब्युरेटर तोवर तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवावेत.