एमजीबी: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का?

माहीमकर_मंदार
सासऱ्यांची 1965 ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) माझ्याकडे आलीय. ल्यूकसचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा), त्यात जुने पॉइंट-कंडेन्सर, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच आणि त्याचा जोडीदार. सकाळी गार असताना एका सेल्फमध्ये चालू, मरीन ड्राइव्हपर्यंत झकास. परतताना ऊन चढलं की दादर टीटीच्या सिग्नलला मिसिंग, मग ठप्प. मागे टॅक्सीवाल्यांचे हॉर्न! मिस्त्री म्हणतो पॉइंट फेका, इलेक्ट्रॉनिक किट बसवा. बाहेरून मागवायचं तर कस्टमसकट चांगलाच चटका बसेल. घेऊ का?

जुना_पाना
मंदार, पाकीट खिशातच ठेव. आधी सीटमागचं झाकण उचलून बॅटरीची कुठली तार बॉडीला गेलीय ते बघ. 1967 पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीची प्लस तार बॉडीला. मधल्या काळात कोणी उलटवली असेल तर गोष्ट वेगळी. निगेटिव्हचं किट पॉझिटिव्हवर लावलंस तर चावी फिरवल्याबरोबर जळालं म्हणून समज.

मग डिस्ट्रिब्युटरचं कॅप काढ. शाफ्ट बोटाने आडवा हलवून बघ, आणि फीलर गेजने कॅमच्या चारही टोकांवर पॉइंटची गॅप मोज. 14 ते 16 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हवी. एका टोकावर 15, दुसऱ्यावर 19 आली तर शाफ्टचे बुश झिजून गेले. इलेक्ट्रॉनिक किट अशा शाफ्टला थोडंफार सांभाळून घेतं, पण टायमिंग हलतंच. अ‍ॅडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या) स्प्रिंग ढिल्या असतील तर त्याही तशाच राहणार. मिस्त्री लोक हे सांगत नाहीत, कारण किट बसवायला अर्धा तास लागतो आणि बुश बदलायला लेथवाला शोधावा लागतो.

आणि मुख्य म्हणजे, गाडी तापून बंद पडली की तिथेच एक प्लग काढून ब्लॉकला टेकव आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. पेट्रोलची वाफ जवळ नको, सांभाळून. ठिणगी पिवळट, मरतुकडी असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. हल्ली मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरवर माझा काडीचा विश्वास नाही. निळी, कडक असेल तर इग्निशनला दोष देऊ नकोस.

टॅको_तात्या
किट घेतलंच तर दोन गोष्टी. कॉइलचा रेझिस्टन्स मीटरने मोजा, 3 ओहमच्या आसपास हवा. बॅलास्टवाली (बाहेरून वेगळा रेझिस्टर लागणारी) दीड ओहमची कॉइल असली तर किटमधलं साधं मॉड्यूल तापून मरतं. प्लगच्या वायरी कार्बनच्या घ्या, नुसत्या तांब्याच्या नकोत. शिवाय त्या गाडीतल्या टॅकोमीटरमधून (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) कॉइलचा करंट फिरून जातो, त्यामुळे काटा नाचू शकतो. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकत बसू नका.

शीव_सर्कल
मी पॉइंटवाला. पॉलिशपेपरचा तुकडा आणि फीलर गेज डिकीत असलं की रस्त्यात कुठेही काम होतं. मॉड्यूल गेलं की टोइंगवाल्याला फोन. ज्यांना किट हवंच त्यांनी जुनी पॉइंटची प्लेट निदान गाडीत टाकून ठेवावी.

माहीमकर_मंदार
बॅटरी पॉझिटिव्ह अर्थच निघाली. गॅप चारही ठिकाणी जवळपास सारखी. रविवारी गाडी परत बंद पडली तेव्हा ठिणगी निळी होती, पण मागे पेट्रोल पंप सारखा टकटकत होता!

जुना_पाना
मग किट राहू दे. पंप थांबत नाही म्हणजे पेट्रोल पुढे पोहोचत नाहीये, बहुतेक लाइनमध्ये वाफ होतेय. एमजीबीत दोन्ही कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्याच बाजूला. मधला उष्णता अडवणारा पत्रा जागेवर आहे का बघ, कोणी काढून ठेवला असेल. टाकी ते पंप पाइप आणि फिल्टरही तपास. फोटो टाक.